मैत्रिणीच्या कवितेला चाल लावताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'माझी जवळची मैत्रीण कविता लिहिते. तिच्या छापील संग्रहातल्या तीन कवितांना मला चाली लावायच्या आहेत. एक वृत्तात आहे, दोन मुक्तछंदात. तिचा होकार आहे, पण शब्दाला हात लावायचा नाही अशी अट आहे. आजवर मी पेटी घेऊन स्वतःच्याच शब्दांची गाणी केली. सुरुवात कुठून करू? ध्रुवपदच नसेल तर काय करायचं? आणि चाल तिला पटली नाही तर?'

तिची अट आधी घेतो, कारण बाकीचं बरंचसं तिच्यावर ठरतं. अट योग्य आहे, पाळा. स्वतःच्या शब्दांना चाल लावताना आपण नकळत दोन्हीकडून जुळवत जातो. सुरांची जागा चांगली सापडली की एखादा शब्द बदलतो, ओळ लांबली की कापतो. इथे ती सोय नाही. वाकायचं ते सुरांनीच. पण तुमच्याकडे एक गोष्ट आहे जी संगीतकाराला फार क्वचित मिळते: कवी तुमच्यासमोर बसून बोलू शकते. मर्ढेकरांना चाल लावू पाहणाऱ्याला हे विचारता येत नाही की ही ओळ तुम्ही चिडून लिहिलीत की थकून. तुम्हाला विचारता येतं. माझं सगळ्यात आग्रहाचं सांगणं एवढंच की हे विचारणं चाल बांधण्याच्या आधी करा. एकदा चाल तयार झाली, तुमच्या गळ्यात बसली, की त्यानंतरची तिची प्रत्येक शंका तुम्हाला चालीवरची टीका वाटेल आणि तिलाही बोलायचा संकोच वाटेल. मैत्री आहे म्हणून तर जास्तच वाटेल.

म्हणून पेटी बंद ठेवा आणि तिला कविता वाचायला लावा. फोनवर रेकॉर्ड करा. सभेत वाचतात तसं नको, घरी बसून, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी. मग ती रेकॉर्डिंग्ज ऐकत कविता स्वतःच्या हाताने कागदावर लिहून काढा आणि ती कुठे श्वास घेते, कुठल्या शब्दावर आवाज चढतो, कुठे पडतो, कुठल्या दोन ओळी एका दमात म्हणते, याच्या खुणा करा. छापलेली ओळ जिथे संपते तिथेच ती थांबते असं गृहीत धरू नका, बरेच कवी थांबत नाहीत. वेगवेगळ्या वाचनांत जे तसंच्या तसं राहतं ते कवितेचं आहे, जे बदलतं ते त्या दिवसाचं. चालीचा सांगाडा त्या कायम राहणाऱ्या भागातून मिळतो. राग कुठला घ्यायचा हा विचार या टप्प्यावर मनात आणू नका. कविता उदास आहे म्हणून मारवा आणि पावसाची आहे म्हणून मल्हार, असं सुरू केलं की आपण त्या रागाची एक बंदिश करतो आणि शब्द तिच्यात कोंबतो.

आता वृत्तातली कविता. लोकांना वाटतं ही सोपी, कारण मोजून मापून लिहिलेली आहे. पहिली चाल खरोखरच सहज लागते, आणि तिथेच फसायला होतं. भुजंगप्रयात घ्या, मनाच्या श्लोकांचं वृत्त. 'मना सज्जना भक्तिपंथेचि जावे.' लघु-गुरू-गुरू असं चार वेळा; लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन, म्हणजे 20 मात्रा. यातला पहिला 'म' समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, आधी उचलून घ्या आणि 'ना' वर सम ठेवा. पुढे काय होतं बघा: ना दोन मात्रा, सज्ज तीन, ना दोन, भक्ति तीन. दोन-तीन-दोन-तीन, झपतालाचं एक आवर्तन, म्हणजे दहा मात्रांचा एक फेरा, नेमकं भरलं. दुसरं आवर्तन 'पं' वर सुरू होतं: पं, थेचि, जा, आणि शेवटच्या 'वे' च्या दोन मात्रांना पुढच्या ओळीतल्या 'तरी' चा 'त' येऊन मिळतो. कुठे ओढाताण नाही.

दुसरं उदाहरण देवप्रिया या वृत्ताचं, ज्यात मराठीत पुष्कळ गझला लिहिल्या गेल्या. उदाहरणापुरती एक ओळ मीच जुळवतो: 'सांजवेळी अंगणाशी थांबलेली पावले.' सांज तीन, वे दोन, ळी दोन: सात मात्रांच्या रूपक तालाचे तीन-दोन-दोन जसेच्या तसे. शेवटच्या 'पावले' च्या पाच मात्रा होतात आणि उरलेल्या दोन मात्रा श्वासाला मिळतात. शिवाय रूपकात पहिली मात्रा खालीची असते, त्यामुळे प्रत्येक तुकडा डग्ग्याच्या घुमाऱ्याशिवाय, हलकेच सुरू होतो. हळव्या ओळींना रूपक शोभतो त्यातलं एक कारण हेच आहे असं मला वाटतं.

अशी चाल ऐकायला नेटकी लागते आणि तिसऱ्या कडव्याला माणूस कंटाळतो. वृत्त आणि ताल इतके चिकटून चालले की कविता पाठांतरासारखी ऐकू येऊ लागते, प्रत्येक शब्दाला सारखंच वजन मिळतं. म्हणून वृत्ताला बसणारा ताल आधी शोधा, तो म्हणून बघा, आणि मग कुठे कुठे मुद्दाम सोडा. महत्त्वाचा शब्द समेनंतर अर्धी मात्रा उशिरा घ्या. एक ओळ निम्म्या लयीत पसरा आणि पुढची दाटून म्हणा. कुठल्या ओळीला पसरायचं हे तुमच्या कागदावरच्या खुणाच सांगतील. जुनी अक्षरसंख्येची घडण याबाबतीत उदार आहे. अभंगात सहा-सहा-सहा-चार अशी अक्षरं मोजलेली असतात, मात्रा नसतात: 'सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवूनिया.' अक्षर हवं तितकं लांबवायची मुभा घडणीतच आहे. एकच अभंग भजनी ठेक्यात वारीतही म्हणता येतो आणि मैफलीत अर्धा तास आळवताही येतो, तो त्यामुळे. तुमच्या मैत्रिणीची कविता अक्षरछंदात असेल तर तुमचं निम्मं काम झालं.

मुक्तछंदाच्या दोन कवितांबद्दल तुम्हाला जास्त धास्ती वाटतेय. मला उलट तिथे जास्त रस वाटतो. तिची कविता माझ्यासमोर नाही, तेव्हा इथेही चार ओळी मीच लिहितो:

दार उघडं ठेवलंय
म्हणजे कुणी यावं असं नाही,
वारा आला तरी चालेल,
एवढंच.

या ओळींना ताल नाही असं वाटतं, पण बोलण्याची लय आहे. दुसरी ओळ मोठ्याने म्हणून बघा. जोर 'नाही' वर येतो आणि आवाज तिथे खाली उतरतो. आता समजा तुम्ही केरवा ताल घेतलात आणि सोयीसाठी 'यावं' वर सम आणली. ऐकणाऱ्याला ऐकू येईल 'कुणी यावं'. ते आमंत्रण झालं. त्यावर जर दोन मात्रा थांबलात, एक मुरकी घेतलीत, तर पुढे 'असं नाही' येईपर्यंत त्याच्या मनात अर्थ उलटा बसलेला असेल. शब्द एकही बदलला नाही, कवितेचं म्हणणं मात्र बदललं. तुमच्या मैत्रिणीने घातलेली अट अशा रीतीने न मोडता मोडली जाते, आणि ती नेमकं काय खुपलं हे सांगूही शकणार नाही. म्हणून ही ओळ समेनंतर सुरू करा, 'म्हणजे कुणी यावं असं' हे एका दमात जवळजवळ बोलल्यासारखं घ्या आणि 'नाही' च्या 'ना' वर सम येऊ द्या, खालच्या सुरावर, षड्जाकडे परतताना.

पहिली ओळ साधं विधान आहे, तिला वर न्यायची गरज नाही. षड्ज-रिषभ-गंधार एवढ्या तीन सुरांत ती राहू शकते. वारा येतो तेव्हा पंचमापर्यंत जा, तिथे कविता स्वतःच जरा मोकळी होते. आणि 'एवढंच'? तो शब्द 'च' वर संपतो. 'च' वर सूर धरता येत नाही, 'ढं' वर धरला तर शब्द रडका होतो. तो तोकडाच म्हणायचा आणि उरलेलं आवर्तन पेटीला किंवा बासरीला द्यायचं. कवीने जिथे ओळ मोकळी सोडली तिथे आपण आलाप भरला की तिची ती मोकळी जागा आपण घेतली.

उच्चारांचा विषय इथेच काढतो, कारण बोलीतल्या कवितेत तो टाळता येत नाही. 'उघडं', 'ठेवलं', 'चांदणं' यांचा शेवटचा स्वर बोलताना ठीक असतो, पण चार मात्रा लांबवला की तो 'आ' कडे सरकतो आणि 'उघडं' चं 'उघडा' ऐकू येतं. जुन्या भावगीतांत 'चांदणे', 'गाणे' अशी रूपं सर्रास दिसतात. त्याला लेखनाची रीत कारण होतीच, पण 'ए' वर गळा छान ठरतो हा फायदाही मोठा होता. तुमच्या मैत्रिणीने 'चांदणं' लिहिलं असेल तर 'चांदणे' करू नका, त्या अक्षरावर थांबूच नका. थांबा आधीच्या 'चां' वर घ्या. तसंच 'दार' मधला 'र' बोलताना हलन्त, म्हणजे स्वराशिवायचा, असतो, गाताना तो पूर्ण उच्चारला की 'दारऽ' होतं आणि बोलीचा मऊपणा जाऊन काहीतरी स्तोत्र म्हटल्यासारखं वाटतं. 'दार उघडं' हे जोडून घ्या. लघु अक्षर लांबवताना 'कुणी' चं 'कूणी' होतं त्याकडेही कान हवा. गायिका दुसरी कुणी असेल तर 'चमचा' चा च आणि 'चहा' चा च वेगळा आहे हे तिला ठाऊक आहे ना, ते पहिल्या तालमीतच बघा. हिंदी गाण्यांचा सराव असलेले चांगले गायकही तिथे घसरतात. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' या नावाचं पुस्तकच लिहिलं आहे. ज्याला कविता गायची आहे त्याने ते वाचलेलं असावं असं मला मनापासून वाटतं.

ध्रुवपदाकडे येऊ. गीत आणि कविता यांतला व्यवहारातला फरक इथे जाणवतो. ग. दि. माडगूळकर आणि सुधीर फडके यांनी 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू केलं, एकूण 56 गीतं. ती गाण्यासाठीच लिहिली गेली, त्यामुळे फिरून यायची ओळ लिहितानाच कवीच्या मनात होती. याउलट ना. घ. देशपांड्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी गायली तेव्हा गायकाला कवितेच्या मापाने जावं लागलं. मराठी भावगीताची सुरुवात त्या ध्वनिमुद्रिकेपासून मानणारे पुष्कळ आहेत. तुमचं काम या दुसऱ्या जातीचं आहे.

मुखडा, म्हणजे गाण्यात फिरून यायची ओळ, ही पहिलीच असते असं समजू नका. ज्या ओळीवर परत आल्यावर तिचा अर्थ दर वेळी थोडा वाढतो, ती मुखड्याची ओळ. आणि अशी ओळ सापडली तरी थांबा, कारण ओळ पुन्हा म्हणणं हाही कवितेतला बदलच आहे. वरच्या चार ओळींत शेवटी 'एवढंच' येऊन कविता संपते. शेवटाला मी 'दार उघडं ठेवलंय' पुन्हा घेतलं तर ती संपत नाही, वाट बघत राहते. गाणं म्हणून ते जास्त गोड होईलही. पण ती वाट बघणारी बाई कवितेत आहे का, हे मी ठरवायचं नाही, तुमच्या मैत्रिणीला विचारायचं. ती 'चालेल' म्हणाली तर जरूर घ्या. नाही म्हणाली तर मुखडा नसलेलं गाणं करा. सुरांनी परत यायचं, शब्दांनी नाही: प्रत्येक खंडाच्या शेवटी पेटीवर तोच छोटा तुकडा आला की ऐकणाऱ्याला घरी आल्यासारखं वाटतं.

लांब कवितेचं काय? जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या तव्यांवर एका बाजूला जेमतेम तीन-सव्वातीन मिनिटं मावायची, त्यामुळे कडवी गाळणं भाग होतं. आज ती सक्ती नाही, तरी सहा कडवी एका चालीत ऐकवत नाहीत. गाळायची असतील तर कुठली, हे तिलाच ठरवू द्या. मी मात्र गाळण्यापेक्षा काही भाग नुसता वाचणं पसंत करतो. 2003 साली सुरू झालेल्या 'आयुष्यावर बोलू काही' मध्ये संदीप खरे आणि सलील कुलकर्णी या दोन मित्रांनी कविता वाचणं आणि गाणं एकाच मंचावर शेजारी ठेवलं, आणि आपल्या श्रोत्याला त्यात काहीच खटकलं नाही. तुमची मैत्रीण स्वतः चांगलं वाचत असेल तर मधलं कडवं तिच्या आवाजात, मागे फक्त तंबोरा, असं करून बघा.

अर्थ सोपा नाही म्हणून कविता बाजूला ठेवू नका. ग्रेस आणि आरती प्रभूंच्या कवितांना हृदयनाथ मंगेशकरांनी चाली दिल्या आणि ज्यांना त्या ओळी उलगडून सांगता येणार नाहीत असे हजारो लोक त्या गुणगुणतात. श्रोत्याला अर्थ लगेच कळायलाच हवा असं नसतं. शब्द मात्र स्वच्छ ऐकू यायला हवेत, म्हणजे तो ते घरी घेऊन जाऊ शकतो. म्हणून वाद्यमेळ कमी ठेवा, आणि गाणं चालू असताना त्याच पट्ट्यात व्हायोलिन किंवा गिटार बोलत ठेवू नका. पट्टीही गाणाऱ्याच्या बोलण्याच्या आवाजाजवळची निवडा. वरचा षड्ज ताकदीने लागतो म्हणून काळी पाचसारखी उंच पट्टी घेतली आणि खालच्या ओळी पुटपुटल्यासारख्या झाल्या, तर कवितेचं नुकसान होतं. काही कविता मात्र खरोखर गाऊ नयेत. ज्यात युक्तिवाद आहे, एक ओळ दुसरीला खोडत जाते, किंवा पानावरची मांडणीच कवितेचा भाग आहे, तिथे सूर आड येतात. तीन कवितांपैकी एक तशी निघाली तर दोनच करा.

तिला चाल ऐकवताना फक्त पेटी आणि तुमचा आवाज. तयार ट्रॅक पाठवला की समोरचा माणूस 'छान झालंय' म्हणतो, कारण इतक्या कष्टांवर काही बोलणं त्याला जड जातं. 'आवडली का?' असंही विचारू नका. 'कुठल्या ओळीत तुला तुझी कविता ऐकू आली नाही?' असं विचारा. याला उत्तर देता येतं, आणि ते एखाद्या ओळीपुरतं असतं. बहुतेक वेळा ती बोट ठेवते तिथे सम चुकलेली असते किंवा श्वास भलतीकडे तुटलेला असतो, आणि तेवढं सरळ केलं की बाकीची चाल टिकते. तिने नुसतं 'मला ही अशी ऐकूच येत नाही' म्हटलं तर वाद घालू नका. तिच्या मूळ वाचनाकडे परत जा आणि दुसरी चाल करा. पहिली चाल तुमची आहे, ती जपून ठेवा. तिला पुढे दुसरे शब्द मिळतील.

आता कागदपत्रांचं, कारण कविता छापील संग्रहातल्या आहेत. आधी तिला तिचा प्रकाशकाबरोबरचा करार बघायला सांगा. काही करारांत ध्वनिमुद्रणाचे किंवा रूपांतराचे हक्कही प्रकाशकाकडे गेलेले असतात, आणि मग तिचा तोंडी होकार पुरत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात शब्द आणि संगीत ही दोन स्वतंत्र कामं मानली जातात: कविता तिची, चाल तुमची. कवितेवरचा हक्क कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, म्हणजे उद्या हा विषय तुमच्या दोघांच्या मुलांमध्येही निघू शकतो. हक्क देणं लेखी आणि सहीनिशी असावं लागतं. त्या कागदात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरताच. तेव्हा एका पानावर स्पष्ट लिहा: कुठल्या तीन कविता, मंचावर आणि ध्वनिमुद्रणात वापरायला परवानगी, चित्रपट किंवा मालिकेसाठी दर वेळी वेगळी परवानगी, श्रेय कसं छापायचं, आलेल्या पैशांची वाटणी कशी. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार दोघांचाही रॉयल्टीचा हक्क पक्का झाला आहे, त्यामुळे कुठल्या कंपनीने एकरकमी पैसे देऊन सगळं लिहून मागितलं तर सही करण्याआधी जाणकाराला दाखवा. गाणं खरंच वाजायला लागलं तर दोघांनीही गाण्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचं सदस्य व्हावं आणि गाण्याची नोंद दोघांच्या नावाने करावी. यूट्यूबवर चढवताना कवीचं नाव वर्णनात खाली कुठेतरी टाकू नका. शीर्षकातच गायकाच्या बरोबरीने येऊ द्या.